दगडावरची पाऊले: पाखराची की डायनासोरची?

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की त्यावर पाखरे उतरतात. तुतवार, चिखल्या, शेकाट्या, बगळे असे नाना जातींचे पक्षी येतात आणि घटकाभरात सगळ्या चिखलावर तीन-तीन बोटांची नक्षी उमटते. पाच-सहा तासांनी भरती येते आणि सारे पुसून जाते. अशीच काही नक्षी मात्र दहा-बारा कोटी वर्षे टिकून राहिली आहे. ती आता चिखलात नाही, दगडात आहे. अमेरिका, कॅनडा, चीन, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया अशा देशांत खडकांच्या थरांवर पक्ष्यांच्या पायांचे ठसे सापडतात. जमिनीवर डायनासोर फिरत होते त्या काळातले हे ठसे आहेत.

असा ठसा समोर आला की शास्त्रज्ञाला पहिला प्रश्न पडतो तो तुमच्या-आमच्या घरातले मूलही विचारील असाच: हे पाऊल कुणाचे? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर देताना मोठमोठे विद्वान फसले आहेत. कारण त्या काळात तीन बोटांवर चालणारे प्राणी एकाहून अधिक प्रकारचे होते. त्यांत पक्षी होते आणि मांसाहारी डायनासोरही होते. या दोघांतला फरक कसा ओळखतात, ठशांना नावे कशी देतात आणि एवढा खटाटोप कशासाठी करतात, ते या लेखात आम्ही सांगणार आहोत.

पाऊल दगडात कसे उतरते?

आपण ज्या काळाबद्दल बोलत आहोत त्याला क्रिटेशियस काळ म्हणतात. तो सुमारे 14 कोटी 50 लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपला. त्याच्या अखेरीस डायनासोर नाहीसे झाले. पक्षी मात्र त्याआधीच जन्माला आले होते. जर्मनीत सापडलेला आर्किऑप्टेरिक्स हा पंखवाला जीव सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे क्रिटेशियसची आठ कोटी वर्षे पक्षी आणि डायनासोर एकाच तळ्याचे पाणी प्यायले.

पक्ष्यांची हाडे पातळ आणि पोकळ असतात. मेल्यावर ती लवकर मोडतात आणि कुजतात, म्हणून त्या काळातल्या पक्ष्यांचे सांगाडे थोड्याच ठिकाणी सापडतात. पावलांचे गणित वेगळे आहे. एका पक्ष्याचा सांगाडा एकच, पण तो आयुष्यभरात लाखो पावले टाकतो. त्यातली काही योग्य जागी पडली तर टिकतात.

योग्य जागा म्हणजे तळ्याचा, नदीचा किंवा समुद्राचा काठ. चिखल फार पातळ असेल तर ठसा लगेच मिटतो आणि फार कडक असेल तर उमटतच नाही. कणकेसारखा मऊ पण आकार धरणारा चिखल लागतो. तो थोडा सुकला पाहिजे आणि मग पुराने आणलेल्या वाळूचा किंवा गाळाचा थर त्यावर हळुवार पसरला पाहिजे. वर असे अनेक थर साचतात, त्यांच्या दाबाने खालचा चिखल दगड बनतो. कोट्यवधी वर्षांनी जमीन वर उचलली जाते, ऊन-पावसाने थर सुटतात आणि ठसा उघडा पडतो. कधी प्रत्यक्ष खळगा मिळतो, तर कधी त्या खळग्यात भरलेल्या वाळूचा उंच साचा वरच्या थराच्या खालच्या बाजूला चिकटलेला मिळतो.

आपल्या महाराष्ट्रातला बहुतेक काळा दगड याच काळाच्या अखेरीला भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा आहे. अजिंठा-वेरूळची लेणी आणि रायगडचा कडा त्याच दगडाचे. तापलेल्या रसावर कोणी चालत नाही, म्हणून सह्याद्रीच्या काळ्या कातळात अशी पाऊले शोधण्यात अर्थ नाही. त्यासाठी गाळाचे खडक लागतात.

नूह नबींच्या कावळ्याची गोष्ट

ही शोधकथा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सुरू होते. 1802 च्या सुमारास साउथ हॅडली गावातल्या प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरताना एक फरशी सापडली. तिच्यावर तीन बोटांची पाऊले होती. ती फरशी घराच्या उंबऱ्याशी बसवण्यात आली. येणारे-जाणारे लोक ती पाहून म्हणत की ही नूह नबींच्या तारवातून सुटलेल्या कावळ्याची पाऊले असणार.

1835 मध्ये त्याच राज्यातल्या ग्रीनफील्ड गावात फरसबंदीसाठी आणलेल्या दगडांवर पुन्हा तशीच पाऊले दिसली. ही बातमी अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातले प्राध्यापक एडवर्ड हिचकॉक यांच्यापर्यंत गेली. त्यांनी खाणी पालथ्या घातल्या, ठसे मोजले आणि 1836 मध्ये त्यांवर शास्त्रीय निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की ही पाऊले प्रचंड मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्यांची आहेत. त्यांच्या पत्नी ओरा व्हाइट हिचकॉक या उत्तम चित्रकार होत्या. पतीच्या वर्गासाठी त्या कापडावर मोठमोठी चित्रे काढून देत. पती-पत्नींनी मिळून केलेल्या विद्येच्या कामाचे हे एक सुंदर उदाहरण आहे.

हिचकॉक यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. ते खडक क्रिटेशियसच्याही आधीचे, सुमारे 19-20 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांवरची ती पाऊले डायनासोरची आहेत. पण हिचकॉक यांना दोष देता येत नाही. त्यांनी निबंध लिहिला तेव्हा 'डायनासोर' हा शब्दही नव्हता. तो 1842 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी बनवला. हिचकॉक यांना माहीत असलेल्या प्राण्यांत तीन बोटांवर दोन पायांनी चालणारा प्राणी पक्षीच होता. गंमत अशी की आज पक्षी हे डायनासोरांच्याच एका शाखेचे वंशज मानले जातात, तेव्हा त्यांचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. या गोष्टीतून पुढच्या अभ्यासकांनी एक धडा घेतला. 'पक्ष्यासारखे दिसते' एवढ्यावर 'पक्ष्याचेच आहे' असे म्हणायचे नाही.

ओळखण्याच्या खुणा

मग म्हणायचे तरी कशावर? 1992 मध्ये कोलोराडोतले मार्टिन लॉकली आणि त्यांचे कोरिया-जपानमधले सहकारी यांनी त्या वेळेपर्यंत सापडलेल्या ठशांचा आढावा घेतला आणि पक्ष्याचे पाऊल ओळखण्याच्या खुणा एकत्र मांडल्या. लॉकली यांनी आपले आयुष्य ठशांच्या अभ्यासात घालवले. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. या खुणा कोणालाही समजतील अशा आहेत.

पहिली खूण आकाराची. क्रिटेशियसमधल्या पक्ष्यांचे बहुतेक ठसे लहान आहेत, काही सेंटिमीटरांचे. दक्षिण कोरियातला एक प्रसिद्ध ठसा तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर आहे.

दुसरी खूण बोटांच्या जाडीची. पक्ष्याची बोटे काडीसारखी बारीक उमटतात. डायनासोरची बोटे मांसल, त्यामुळे प्रत्येक पेराखालची गादी वेगळी दिसते. पक्ष्याच्या ठशात या गाद्या सहसा स्पष्ट नसतात.

तिसरी खूण बोटांमधल्या कोनाची, आणि ती फार महत्त्वाची. आतल्या आणि बाहेरच्या बोटांमधला कोन मोजतात. पक्ष्यांत तो साधारण 110 ते 120 अंश किंवा त्याहूनही जास्त भरतो, म्हणजे काटकोनापेक्षा मोठा. मांसाहारी डायनासोरांत बोटे पुढच्या दिशेने जवळ-जवळ असतात आणि कोन बराच लहान असतो. त्यामुळे पक्ष्याचा ठसा बरेचदा लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतो.

चौथी खूण मागच्या बोटाची. कोंबडीचा पाय आठवा: तीन बोटे पुढे, एक मागे. अनेक पक्ष्यांत हे मागचे बोट मधल्या बोटाच्या नेमके उलट दिशेला जाते. डायनासोरांत ते लहान आणि उंचावर असे, जमिनीला क्वचितच टेकत असे. पण सावध राहावे लागते, कारण काठावर धावणाऱ्या अनेक पक्ष्यांचेही मागचे बोट आखूड असते. ते नाही म्हणून पक्षी नाही, असे ठरत नाही.

पाचवी खूण नखांची. ती बारीक असतात आणि दोन्ही बाजूंच्या बोटांची नखे मधल्या बोटापासून बाहेरच्या बाजूला वळलेली असतात.

याशिवाय आजूबाजूला काय आहे तेही पाहतात. एकाच फरशीवर लहान पाऊलांची दाटी, चोचीने टोचल्याच्या खुणा, किड्यांची बिळे असे सगळे एकत्र मिळाले की पाणपक्ष्यांचा थवा इथे चरत होता हे म्हणणे बळकट होते. कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नाही. आपल्याकडे न्यायनिवाड्यात एका साक्षीदारावर भागत नाही, तसेच इथेही आहे.

चिखलाची फसवणूक

साक्षीदार कधी कधी दिशाभूल करतो, आणि इथे ते काम चिखल करतो. एकच पक्षी कडक मातीत चालला तर बोटांच्या टोकांचीच खूण उमटते. दलदलीत चालला तर पाय रुततो, बोटे ओढली जातात आणि ठसा लांबतो. वरच्या थरावर पडलेल्या पावलाचा दाब खालच्या थरांवरही उमटतो. वरचा थर निघून गेला तर मागे राहतो तो पुसट, भोंगळ आकार. त्याला खरे पाऊल समजून मापे घेतली तर हिशेब चुकतो.

हे नीट समजावे म्हणून शास्त्रज्ञांनी जिवंत पक्ष्यांची मदत घेतली. ग्रीनलँडमध्ये सापडलेली डायनासोरची विचित्र पाऊले समजून घेण्यासाठी स्टीफन गेट्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्की आणि गिनी कोंबडीला वेगवेगळ्या घट्टपणाच्या चिखलात चालवले आणि 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे 2014 मध्ये पीटर फॉकिंगहॅम आणि गेट्सी यांनी गिनी कोंबडीला चक्क खसखशीवर चालवले! खसखशीतून क्ष-किरण आरपार जातात, त्यामुळे पाय आत बुडाल्यावर बोटे कशी हलतात आणि दाणे कसे सरकतात, ते त्यांना पाहता आले. स्वयंपाकघरातला जिन्नस असा डायनासोरच्या अभ्यासाला उपयोगी पडला.

काही ठशांबद्दल विद्वानांत एकमत होत नाही. टेक्सासमधल्या एका मोठ्या ठशाला 1997 मध्ये मॅग्नोअ‍ॅव्हिपेस, म्हणजे मोठ्या पक्ष्याचे पाऊल, असे नाव देण्यात आले. बोटे बारीक होती आणि कोनही मोठा होता. चारच वर्षांनी लॉकली व इतरांनी मत मांडले की ही सडपातळ पायांच्या डायनासोरची पाऊले असावीत. तर 2023 मध्ये आफ्रिकेतल्या लेसोथोमधून आलेल्या एका अभ्यासाने सगळ्यांनाच विचारात पाडले. तिथल्या 21 कोटी वर्षांहून जुन्या खडकांत पक्ष्यासारखी पाऊले आहेत. सर्वांत जुन्या ज्ञात पक्ष्याच्याही ती सहा कोटी वर्षे आधीची! अभ्यासकांनी त्यांना 'पक्ष्यासारखी' म्हटले, 'पक्ष्याची' म्हटले नाही. हातात सनसनाटी बातमी असताना शब्द असा तोलून वापरणे, हीच खऱ्या विद्येची ओळख आहे.

नाव पावलाला, पाखराला नव्हे

ठसा पक्ष्याचा आहे हे ठरले, तरी तो कोणत्या जातीच्या पक्ष्याचा हे बहुधा कळत नाही. पाऊल टाकून पाखरू उडून गेले, त्याची हाडे तिथे नाहीत. म्हणून शास्त्राने एक व्यवहारी तोड काढली आहे. नाव ठशालाच द्यायचे. प्राण्यांप्रमाणेच या नावाचेही दोन भाग असतात, पण ते नाव फक्त पावलाच्या आकाराचे असते. एकाच आकाराची पाऊले दोन वेगळ्या जातींचीही असू शकतात, हे त्यात गृहीत धरलेले असते.

डायनासोरांच्या युगातल्या पक्ष्याच्या ठशाला पहिले नाव 1931 मध्ये मॉरिस मेल यांनी दिले. कोलोराडोतल्या गोल्डन गावाजवळच्या वालुकाश्मात सापडलेल्या त्या ठशाचे नाव इग्नोटॉर्निस, म्हणजे 'अनोळखी पक्षी'. यापेक्षा प्रामाणिक नाव सापडणे कठीण! 1969 मध्ये दक्षिण कोरियातल्या हामान भागातल्या लहानग्या ठशाला कोरियानाऑर्निस नाव मिळाले. 1981 मध्ये कॅनडाच्या फिलिप करी यांनी मागचे बोट नसलेल्या ठशाला अ‍ॅक्वाटिलॅव्हिपेस म्हटले.

नावे वाढली तशी ती कुटुंबांत लावण्याची गरज पडली. वर्गीकरण करताना पाहतात ते असे: मागचे बोट आहे की नाही, असल्यास किती लांब आणि कोणत्या दिशेला, बोटांमध्ये पडदा आहे का, असल्यास अर्धा की पूर्ण, बोटे किती फाकलेली, पाऊल लांब की रुंद, आणि चालताना दोन पावलांत किती अंतर पडते. इग्नोटॉर्निसच्या कुटुंबात मागचे बोट स्पष्ट असते आणि थोडा पडदाही दिसतो. कोरियानाऑर्निसच्या कुटुंबात पाऊल लहान आणि रुंद, मागचे बोट आखूड किंवा गायब.

अलीकडे नजरेवर न विसंबता आकड्यांचा आधार घेतात. कॅनडातल्या लिसा बकली, रिचर्ड मॅक्रे आणि लॉकली यांनी 2016 मध्ये अनेक ठशांची लांबी, रुंदी, कोन अशी मापे एकत्र करून संख्याशास्त्राने तपासली. वेगळी नावे दिलेले ठसे खरोखर वेगळे आहेत की एकाच प्रकारचे, हे अशा तपासणीतून कळते. नाव देणे सोपे; ते टिकेल की नाही, हे असे तपासावे लागते.

पायावरून पोटाची कहाणी

जातीचे नाव कळत नसले तरी पाऊल बरेच काही सांगते, कारण पाय जसा तशी रोजी. बदकाला पोहायचे म्हणून बोटांत पडदा. पोपटाला फांदी धरायची म्हणून दोन बोटे पुढे, दोन मागे. घरी पिंजऱ्यात पोपट पाहिला असेल त्याला हे लगेच पटेल.

दक्षिण कोरियाच्या उहांग्री भागात पूर्ण पडद्याची पाऊले सापडली आहेत. त्यांना 1995 मध्ये उहांग्रिक्नस हे नाव मिळाले. म्हणजे डायनासोर जिवंत असतानाच बदकासारख्या पायांचे पक्षी तळ्याकाठी वावरत होते. त्याच खडकांत उडत्या सरपटणाऱ्या प्राण्यांची, म्हणजे टेरोसॉरांची, पाऊलेही आहेत. त्याच देशातल्या गाजिन इथल्या ठशांजवळ चिखलावर चंद्रकोरीसारख्या ओळी उमटल्या आहेत. आपल्याकडचा चमचा पक्षी उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत भक्ष्य शोधतो, तशीच ही खूण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका जेवणाचा दस्तरखान जणू तिथे अजून पसरलेला आहे.

चीनच्या शानडोंग प्रांतात 11-12 कोटी वर्षांपूर्वीची पाऊले मिळाली. त्यांत दोन बोटे पुढे आणि दोन मागे आहेत. जमिनीवर धावणाऱ्या अमेरिकेतल्या रोडरनर पक्ष्याची पाऊले अशी असतात. रोडरनर हा कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा नातलग. असा पाय असलेल्या पक्ष्यांची हाडे मात्र कित्येक कोटी वर्षांनंतरच्या खडकांत मिळतात. हाडांनी जे सांगितले नाही ते इथे पावलांनी सांगितले. मात्र म्हणून तो भारद्वाजाचा पूर्वज होता असे ठरत नाही. सारखी रोजी करणाऱ्या वेगळ्या घराण्यांतही सारखे पाय घडतात.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात डायनासोर कोव्ह इथे सुमारे साडेदहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका ठशात मागच्या बोटाची लांबट ओढ दिसते. उडत येऊन जमिनीवर टेकताना पाय घसरल्यावर जशी उमटावी तशी. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्या पक्ष्याच्या उडण्याचाच पुरावा दिला. त्याच राज्यातून 2023 मध्ये याहूनही जुन्या, 12 कोटी वर्षांपलीकडच्या खडकांतली 27 पाऊले जाहीर झाली. तो भाग तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळ होता. म्हणजे इतक्या दूरवरच्या थंड प्रदेशातही पक्षी पोहोचले होते.

हरवणारी पाने

दगडातली पाऊले अमर नाहीत, हे विसरून चालत नाही. फिलिप करी यांचे ठसे कॅनडातल्या पीस नदीच्या घळीतले. तिथे धरण होणार हे ठरल्यावर 1976 ते 1979 या काळात दर उन्हाळ्यात पथके गेली, नकाशे काढले, साचे घेतले, जमेल तितके दगड उचलून संग्रहालयात नेले. त्यानंतर घळ पाण्याखाली गेली. जे नोंदले गेले तेच आज अभ्यासाला उरले आहे. लोकांना वीजही हवी होती, त्यात कोणाचा दोष काढावा? पण ती तीन-चार वर्षांची धावपळ झाली नसती तर तो पुरावा न वाचताच बुडाला असता.

आता एक सोय झाली आहे. साध्या कॅमेऱ्याने सगळ्या बाजूंनी अनेक फोटो काढून संगणकावर ठशाची हुबेहूब उठावदार प्रतिकृती बनवता येते. दगड जागचा हलवावा लागत नाही आणि दुसऱ्या देशातला अभ्यासकही तो मोजू शकतो.

वाचक बंधू-भगिनींना एक विनंती. सहलीत गाळाच्या खडकावर कुठे अशी खूण दिसली तर छिन्नी लावू नका. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जागेवरून उचललेला ठसा आपली अर्धी हकीकत मागे सोडून येतो.

आणि मुलांसाठी एक खेळ. परातीत ओली माती थापा, अंगणातल्या कोंबडीला तिच्यावरून चालू द्या. मग तीच माती थोडी सुकवून पुन्हा, नंतर पाणी घालून पातळ करून पुन्हा. तीन वेळचे ठसे मोजपट्टीने आणि कोनमापकाने मोजून वहीत लिहायला सांगा. कोंबडी एकच, पण आकडे वेगळे येतील. ते का वेगळे आले, हे मुलांनाच शोधू द्या. ज्या मुलाने हे एकदा केले, त्याच्या फोनवर उद्या 'राक्षसाचे पाऊल सापडले' असा फोटो आला तर ते लगेच पुढे पाठवणार नाही. आधी विचारेल: माप किती, दगड कोणता आणि पाहिले कोणी?